न्यू जर्सीचा गव्हर्नर निवडताना : शाई लावणाऱ्या बाईंचा अभिप्राय

आमची सूनबाई पार्सल आणून देणाऱ्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना तारे देते. मग ज्या सेवेसाठी घरातून एवढा टॅक्स जातो तिलाच का सोडायचं? म्हणून हा अभिप्राय. सेवा : न्यू जर्सी राज्याचा गव्हर्नर निवडणे. कशी वापरली : जून 2025 ची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायची फेरी) टपालाने, नोव्हेंबरची मुख्य निवडणूक केंद्रावर जाऊन. तारे : पाचपैकी साडेतीन.

आधी माझा अधिकार काय ते सांगते. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं, आणि त्या काळात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत इलेक्शन ड्युटी कधी चुकली नाही. तहसील कार्यालयाच्या आवारात साहित्य वाटप, सीलबंद पेट्या, नंतर यंत्रं, एस.टी.ने मुक्कामी गाव, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोप, पहाटे मॉक पोल. बहुतेक वेळा माझ्याकडे शाईची बाटली असायची. तालुक्यातल्या किती तर्जन्या मी काळ्या केल्या याची मोजदाद नाही. शेवटी दोनदा केंद्राध्यक्षही झाले. तेव्हा मतदानाची व्यवस्था बघताना माझी नजर गिऱ्हाइकाची नसते, तपासनिसाची असते.

मुलाकडे कायमची आले त्याला आता बरीच वर्षं झाली. 2025 च्या सुरुवातीला नागरिकत्वाची शपथ घेतली आणि मतदार यादीत नाव घातलं. काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि तिथली माणसं भली आहेत.

पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा. इथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. राजभवनात राहून शपथा देणारा हा गृहस्थ नाही, हा मुख्यमंत्री. त्यातही न्यू जर्सीचा गव्हर्नर फार जोरकस. राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल तो नेमतो, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही राज्य सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, संमतीने तोच नेमतो, अर्थसंकल्पातली एखादी रक्कम नको वाटली तर तेवढीच खोडू शकतो. सगळ्या राज्याने मिळून निवडून द्यायचे राज्य सरकारातले दोघेच, गव्हर्नर आणि त्याच्या जोडीने लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे त्याचा उप. सलग दोनच टर्म मिळतात. तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या दोन्ही संपत आल्या होत्या, म्हणून 2025 मध्ये खुर्ची मोकळी होती. आणि अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी गव्हर्नर निवडणारी राज्यं देशात दोनच, आम्ही आणि व्हर्जिनिया. त्यामुळे अख्ख्या देशाचे कॅमेरे आमच्याकडे.

आता प्रायमरी. हा प्रकार आपल्याकडे नाहीच, त्यामुळे मला तो समजायला नातवाने दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी मीच त्याला माझ्या भाषेत सांगितलं, "म्हणजे पक्षाच्या तिकिटाचा एबी फॉर्म कुणाला द्यायचा हे मतदारच ठरवतात." नातवाला एबी फॉर्म म्हणजे काय ते सांगायला तिसरी संध्याकाळ गेली. आपल्याकडे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तहसीलबाहेर कोण गाडीतून एबी फॉर्म घेऊन उतरतो याकडे सगळ्यांचे डोळे. इथे तो फॉर्म 10 जूनला लोकांनी दिला. ही कल्पना मला इतकी आवडली की तिच्यासाठी मी एक अख्खा तारा आधीच राखून ठेवला.

पण प्रायमरीत मत द्यायचं तर पक्ष सांगावा लागतो. माझ्यासारख्या कुठल्याच पक्षात नाव नसलेल्या मतदाराला केंद्रावर जाऊन त्या क्षणी पक्ष निवडता येतो, टपालाने मत द्यायचं असेल तर तो आधी लिहून द्यावा लागतो. ज्यांचं नाव आधीच एका पक्षात आहे त्यांना उडी मारायची असेल तर मुदत प्रायमरीच्या 55 दिवस आधी संपते. एकदा सांगितलं की यादीत आपल्या नावापुढे पक्ष लागतो, आणि ती यादी उमेदवारांना मिळते. मला हे पचलं नाही. आयुष्यभर मी कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा नीट उभा आहे ना हे बघत आले, आणि इथे मत गुप्त पण पक्ष उघड! मी कोणता पक्ष लिहिला ते सांगणार नाही, कुणी यादी काढून बघितली तर बघो बापडे.

पक्ष लिहून दिल्यावर पंधरा दिवसांत पत्रपेटी भरायला लागली. या राज्याला स्वतःचं असं मोठं टीव्ही केंद्र नाही. वरचा भाग न्यूयॉर्कच्या वाहिन्या बघतो, खालचा फिलाडेल्फियाच्या. तिथे जाहिरात द्यायची तर दुसऱ्या राज्याच्या प्रेक्षकांचेही पैसे मोजावे लागतात. म्हणून असेल, पण चकचकीत पत्रकांचा पूर आला. मी ती साठवली, पाठकोरी बाजू कुठेच नाही, त्यामुळे हिशेबालाही उपयोग झाला नाही.

मतपत्रिका मेच्या पहिल्या आठवड्यात आली. सूनबाईने दुसऱ्या पक्षाची मागवली होती, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर दोन्ही पक्षांच्या शेजारी शेजारी. मुलगा कधीच प्रायमरीत मत देत नाही, तो मधे बसून भाजी वाढून घेत होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या पत्रिकेवर सहा नावं : काँग्रेसमधले, म्हणजे इथल्या संसदेतले, मिकी शेरिल आणि जॉश गॉटहाइमर, नेवार्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलप, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर, राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. रिपब्लिकन पत्रिकेवर पाच, त्यात जॅक चिटरेली आणि रेडिओवर बोलणारे बिल स्पेडिया हे दोघे चर्चेत.

पत्रिकेची मांडणी मी बराच वेळ बघत बसले. सूनबाई म्हणाली, "अहो आई, कागद चांगला आहे म्हणून बघताय का?" मी म्हटलं, नाही गं, रकाने बघतेय. या रकान्यांना इतिहास आहे. वर्षानुवर्षं न्यू जर्सीच्या 21 पैकी 19 काउंट्यांमध्ये प्रायमरीच्या पत्रिकेवर 'लाइन' असायची. काउंटीतल्या पक्षाच्या पुढाऱ्यांनी ज्यांना पसंती दिली ते सगळे, वरच्या पदापासून खालच्या पदापर्यंत, एका ओळीत किंवा रकान्यात ओळीने उभे. बाकीचे कुठेतरी लांब, मधे रिकामे चौकोन सोडून, पार कोपऱ्यात. मतदार एका रकान्यात वरून खाली खुणा करत जायचा. पंगतीत पाटावर कुणाला आणि उंबऱ्याशी कुणाला बसवायचं हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात निम्मी निवडणूक. 2024 मध्ये केंद्रातल्या सिनेटची उमेदवारी मागणारे अँडी किम याविरुद्ध कोर्टात गेले, मार्चअखेर केंद्रीय न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती मांडणी थांबवली, आणि 2025 च्या मार्चमध्ये राज्याने कायदाच बदलला. आता प्रत्येक पदासाठी एक चौकट, त्यात त्या पदाचे सगळे उमेदवार, क्रम चिठ्ठ्या टाकून. गव्हर्नरपदाची ही अशी पहिली प्रायमरी, आणि माझीही पहिलीच. नावाखाली छोटं घोषवाक्य टाकायची सोय आहे, त्यातून पुढाऱ्यांचा हात कुणाच्या डोक्यावर आहे हे चाणाक्ष माणसाला कळतं. पण निदान सगळे एका पंगतीला बसले. मांडणीला पूर्ण गुण.

टपालाची बाकी पद्धतही विचार करून केलेली. मतपत्रिका आतल्या पाकिटात, त्या पाकिटाच्या जिभेला एक प्रमाणपत्र जोडलेलं, त्यावर सही. ते फाडायचं नाही. मग ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, तिकिटाची गरज नाही. टपालपेटीत टाका किंवा काउंटीने ठेवलेल्या ठरावीक पेटीत. निवडणुकीच्या दिवसाचा शिक्का असला तर पुढचे सहा दिवस वाटेत असलेलं पाकीटही मोजतात. घरातल्या दुसऱ्याचं पाकीट तुम्ही नेऊन देणार असाल तर त्या माणसासमोर पाकिटावर आपलं नाव-पत्ता लिहून सही करायची, आणि उमेदवाराला स्वतःला असा निरोप्या होता येत नाही. हे वाचून मला आमचे गावचे एक सरपंच आठवले. असो.

तर मी पाकीट भरलं, प्रमाणपत्रावर सही केली आणि पेटीत टाकलं. आठ-दहा दिवसांनी कार्यालयाचं पत्र. तुमची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही.

माझी सही मराठी आहे. सातवीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मपासून पेन्शनच्या कागदापर्यंत एकच, र ला शेवटी शेपूट. टपालाच्या पाकिटावर हात आपोआप तीच करून मोकळा झाला. पण यादीत नाव घालताना एका सरकारी खिडकीवर काचेच्या पाटीवर बोटभर लांबीची काडी देऊन सही करायला सांगितली होती, मागे रांग, खिडकीतली मुलगी घाईत, मी इंग्रजीत काहीतरी गिरबटलं. ते गिरबटलेलं म्हणजे कायद्याने मी झाले. एकतीस वर्षं जिने दुसऱ्यांच्या अंगठ्यांची आणि सह्यांची शहानिशा केली तिची सही संशयास्पद!

रागाने फोन लावला. तिसऱ्या प्रयत्नाला लागला. बाई शांत होत्या, म्हणाल्या, पत्रासोबतचा दुरुस्तीचा फॉर्म भरून पाठवा, मत बाद झालेलं नाही, बाजूला ठेवलंय. ही सोय इथे कायद्यात आहे. सही जुळली नाही तर मतदाराला कळवायचं आणि दुरुस्तीची संधी द्यायची, परस्पर रद्दीत टाकायचं नाही. फॉर्म भरला, ओळखपत्राचा नंबर घातला, सही इंग्रजीत, गिरबटूनच. मग रोज सकाळी चहाआधी संकेतस्थळावर माझी मतपत्रिका कुठवर आली ते बघायचे. 'स्वीकारली' असं आलं त्या दिवशी शिरा केला. अर्धा तारा मात्र कापला. त्या पत्रात सहीचा कोणता नमुना त्यांच्याकडे आहे हे दाखवायला काय हरकत होती? निम्मी म्हातारी माणसं ते पत्र बघून घाबरतील आणि कपाटात ठेवून देतील. भाषेचंही तसंच. शेजारच्या मिडलसेक्स काउंटीत केंद्रीय कायद्याप्रमाणे मतपत्रिका गुजरातीतही मिळते, तिथली माझी मैत्रीण इलाबेन मला ती मुद्दाम नाचवून दाखवते. आमच्याकडे इंग्रजी आणि स्पॅनिश. मराठीची अपेक्षा नव्हतीच, पण तिच्या तोंडावरचा आनंद बघवत नाही.

प्रायमरीचा प्रचार हा या सेवेतला सगळ्यात चविष्ट भाग, आणि सगळ्यात कमी लोकांनी खाल्लेला. बराकांना 9 मेला नेवार्कमधल्या स्थलांतरितांच्या बंदिशाळेच्या दारात अटक झाली आणि दहा दिवसांत आरोप मागे घेतले गेले. ट्रम्प यांनी चिटरेलींना पाठिंबा दिला आणि रिपब्लिकन लढत तिथेच उरकली. 1 जूनपासून विजेचे दर 17 ते 20 टक्क्यांनी चढले, म्हणजे मतदानाच्या नऊ दिवस आधी. आमच्या घरात तर बिलावरूनच उमेदवारांची तोंडी परीक्षा झाली.

पैशांचं काय, हे मला नेहमी पडलेलं कोडं. इथे गव्हर्नरच्या उमेदवाराला सरकार मदत करतं. ठरावीक रक्कम छोट्या-मोठ्या देणग्यांतून आधी जमवा, मग तुम्ही जमवलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरकारचे दोन डॉलर. त्या बदल्यात खर्चाला मर्यादा आणि जाहीर वादविवादांना हजर राहायची सक्ती. वाचून मी खूश झाले. मग मुलाने सांगितलं की बाहेरचे गट उमेदवाराला न विचारता, त्याच्यासाठी, हवा तेवढा खर्च करू शकतात. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. शिक्षक संघटनेच्या पैशावर चालणाऱ्या अशाच एका गटाने स्पिलर यांच्यासाठी कोट्यवधी डॉलर ओतले. शिक्षिका म्हणून मला वाटलं, वा, मास्तरांचे दिवस आले. निकाल लागला तेव्हा स्पिलर पाचवे, मतं साधारण 11 टक्के. सभासदांच्या वर्गणीचं काय झालं हे इथल्या स्टाफरूममध्ये ऐकायला मला फार आवडलं असतं.

शेरिल जिंकल्या, सुमारे 34 टक्क्यांवर. बराका 20 च्या आसपास, फुलप 16. रिपब्लिकनांकडे चिटरेलींना दोन तृतीयांशाहून जास्त. तिकडे प्रश्नच नव्हता, पण इकडे बघा : पक्षातल्या तीन मतदारांपैकी दोघांनी दुसऱ्याच कुणाला तरी मत दिलं, तरी फेरलढत नाही, सगळ्यात जास्त मतं ज्याला तोच उमेदवार. आणि आलेले मतदार किती? मुख्य निवडणुकीत तेहतीस लाखांवर लोकांनी मत दिलं, प्रायमरीत दोन्ही पक्षांचे मिळून तेरा लाखांच्या आसपास. आमच्या गल्लीत जूनमध्ये मत देणारी मी, सूनबाई आणि कोपऱ्यावरच्या घरातले निवृत्त पोस्टमन, एवढीच. नोव्हेंबरमध्ये मात्र सगळी गल्ली कुरकुरत होती, हे दोघंच का म्हणून. अरे, मेनू ठरत होता तेव्हा तुम्ही बीचवर होता! सेवेने याबद्दल काही केलेलं दिसलं नाही. नमुना मतपत्रिका घरी पाठवतात, पण प्रायमरी म्हणजे काय आणि पक्ष लिहिला तर पुढे काय, हे साध्या भाषेत दोन ओळींत कुठेच नाही. माझा नातू नसता तर मीही बीचवरच. पूर्ण तारा इथे कापला.

उन्हाळा शांत गेला. दोघांनी लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी आपापले जोडीदार निवडले, शेरिल यांनी विद्यापीठाचे अध्यक्ष डेल काल्डवेल, चिटरेली यांनी मॉरिस काउंटीचे शेरीफ जिम गॅनन. वादविवाद दोन झाले, सप्टेंबरमध्ये रायडर विद्यापीठात आणि 8 ऑक्टोबरला न्यू ब्रन्सविकमध्ये. पहिला पूर्ण बघितला. दुसऱ्यात शेरिल शिकत होत्या त्या नौदल अकादमीतलं जुनं कॉपी प्रकरण आणि एकमेकांचे धंदे निघाले, तेव्हा मी उठून वरणाला फोडणी दिली. शेरिल पूर्वीच्या नौदलातल्या हेलिकॉप्टर वैमानिक आणि सरकारी वकील, चिटरेली हिशेबनीस आणि उद्योजक, गव्हर्नरपदाची त्यांची ही तिसरी खेप. 2021 मध्ये ते मर्फींकडून जेमतेम तीन टक्क्यांनी हरले होते. शेरिल म्हणत होत्या, पहिल्याच दिवशी विजेच्या दरांबाबत आणीबाणी जाहीर करून दर गोठवीन. चिटरेली म्हणत होते, कार्बनवरच्या राज्याराज्यांच्या करारातून बाहेर पडू आणि घरपट्टी आवरू. घरपट्टी इथे वर्षाला सरासरी दहा हजार डॉलरच्या वर आहे, देशात सगळ्यात जास्त. ते वाक्य कुणीही म्हटलं तरी मुलगा टीव्हीसमोर मान डोलवायचा.

मुख्य निवडणुकीला मी टपालाच्या वाटेला गेले नाही. सहीची धास्ती. शिवाय मला केंद्र बघायचं होतं. टपालाचा अर्ज मी फक्त प्रायमरीपुरता केला होता, हे नशीब. सगळ्या निवडणुकांसाठी केला असता आणि मग केंद्रावर गेले असते तर यंत्राला हात लावू दिला नसता, वेगळी कागदी मतपत्रिका देऊन नंतर तपासून मोजली असती.

25 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर आगाऊ मतदान. काउंटीतल्या कुठल्याही आगाऊ केंद्रावर जा, तुमचंच केंद्र पाहिजे असं नाही. मी मंगळवारी सकाळी अकराला गेले, ग्रंथालयाच्या खालच्या दालनात. बाहेर झेंडे आणि पाट्या, पण दारापासून शंभर फुटांच्या आत काही नाही. मी पावलांनी मोजलं, सवय. पार्किंग सोपं, उतार आहे, रेलिंग आहे, बसायला खुर्च्या आहेत. पिण्याचं पाणी दिसलं नाही. आमच्याकडे माठ पहिला आणि मग मतपेटी.

टेबलावर एक शाळकरी मुलगी बसलेली. इथे सोळा वर्षांच्या मुलांनाही हे काम करता येतं. तिने नाव विचारलं, पत्ता विचारला, टॅबवर माझं नाव काढलं, टॅब माझ्याकडे फिरवला आणि म्हणाली, सही करा. मी पर्समधून ओळखपत्र काढून तयार. तिने बघितलंसुद्धा नाही. "त्याची गरज नाही," म्हणाली. नोंदणीच्या वेळी ओळख पटलेली असेल तर सही पुरते. माझ्या पोटात गोळा आला. ना ओळखपत्र, ना शाई, ना कुणाचा पोलिंग एजंट नाव वाचून हरकत घेणार. मी विचारलं, मी उद्या दुसऱ्या केंद्रावर गेले तर? ती गोड हसली, म्हणाली, हा टॅब सगळ्या केंद्रांशी जोडलेला आहे, तिथे तुमच्या नावापुढे मत दिल्याची खूण दिसेल. बरं. म्हणजे बोटाची शाई यंत्राच्या पोटात गेली. तरी डाव्या तर्जनीकडे दोनदा बघितलं.

यंत्र चांगलं. अक्षर मोठं करता येतं, चुकलं तर दुरुस्त करता येतं, शेवटी काचेमागे कागदावर आपण कुणाला मत दिलं ते छापून दिसतं, ते वाचून मग पक्कं करायचं. गव्हर्नरच्या चौकटीत मोठे दोन पक्ष सोडून लिबर्टेरियन आणि सोशलिस्ट वर्कर्स यांचेही उमेदवार होते, आणि कुणीच पसंत नसेल तर नाव हाताने लिहायची जागा. त्याखाली विधानसभेच्या जागा, शाळा मंडळ, गावचे प्रश्न. गव्हर्नरला बोट दाबून परत जाणारे पुष्कळ दिसले, पण घरपट्टीचा मोठा तुकडा शाळा मंडळ खातं हे मला मुलाने बिलावर दाखवलं होतं, म्हणून मी खालपर्यंत गेले. सगळं मिळून अकरा मिनिटं. दारात चिकटपट्टी दिली, मी मत दिलं असं लिहिलेली. शाईच्या मानाने फार लवकर निघते. नातवाने संध्याकाळी ती कुत्र्याच्या पट्ट्याला लावली.

प्रत्यक्ष 4 नोव्हेंबरला सकाळी बातमी आली की काही काउंट्यांमधल्या केंद्रांना ई-मेलवरून बॉम्बच्या धमक्या आल्यात. सात काउंट्यांची नावं वाचून दाखवली. पोलिसांनी केंद्रं तपासली, काही ठिकाणचं मतदान दुसरीकडे हलवलं, सगळ्या धमक्या खोट्या निघाल्या. इलाबेनचा फोन आला, तिच्या काउंटीचं नाव यादीत होतं. ती म्हणाली, दुपारी जाऊन मत देऊन आले, पोलीस होता, मी त्याला केम छो केलं. अशा दिवशी केंद्राध्यक्षाच्या छातीत काय होतं ते मला माहीत आहे. एका केंद्रावर आमच्याकडे दगडफेक झाली होती आणि मी यंत्रावर अंग टाकून बसले होते. त्या दिवशी आठ वाजेपर्यंत ज्यांनी केंद्रं चालवली त्यांच्यासाठी माझे तारे कमी पडतात.

निकाल जेवणं उरकेपर्यंत लागला. चाचण्या चुरस म्हणत होत्या, आणि शेरिल सुमारे 57 टक्के मतं घेऊन आल्या, साधारण चौदा टक्क्यांचं अंतर. राज्याच्या दुसऱ्या महिला गव्हर्नर, पहिल्या क्रिस्टीन टॉड व्हिटमन. एकाच पक्षाने सलग तीनदा ही खुर्ची जिंकायची गोष्ट इथे 1961 नंतर झालीच नव्हती. चिटरेलींनी त्याच रात्री हार मान्य केली. मुलगा म्हणाला, "झालं आई, आता निदान पत्रकं तरी बंद." दुसऱ्या दिवशी पत्रपेटीत एक होतंच, टपालात उशीर झालेलं.

डिसेंबरमध्ये मी दोन फॉर्म भरले. एक पक्षातून नाव काढायचा, कारण पुढच्या प्रायमरीत कुठे बसायचं ते मला त्या वेळी ठरवायचंय. दुसरा, केंद्रावर काम करायचा. दिवसाला 300 डॉलर देतात, पहाटे साडेपाचला हजर व्हायचं. त्यात एक रकाना होता, पूर्वी हे काम केलं आहे का, केलं असल्यास कुठे. मी लिहिलं : होय, सातारा. सही इंग्रजीत, गिरबटून, अगदी काचेच्या पाटीवर होती तश्शी. दोन वेळा सरावाला रफ वहीत काढून बघितली.